तापमानाचा काटा चढतोय आणि इंजिन थंड करणारा पंखा गप्प?
स्पोर्ट्स कार वेगात असताना समोरून येणारा वाराच रेडिएटर (इंजिनची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) थंड ठेवतो. पंख्याची खरी गरज सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये लागते. सेन्सरला कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) साधारण ९५ ते १०५ अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याचं कळलं की पंखा सुरू होतो, तापमान उतरलं की थांबतो.

तपासणी सोपी आहे. गाडी उभी ठेवून इंजिन चालू करा, एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा थोड्याच वेळात फिरू लागतो. नाही फिरला, तर आधी फ्यूज आणि रिले (पंख्याला वीज जोडणारा स्विच) बघा, मग सेन्सर, मोटर.

बोटं मात्र पात्यांपासून लांबच ठेवा! काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही पंखा अचानक फिरतो. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, दाबाखालचं उकळतं कूलंट थेट अंगावर उडतं.