सायकलची फ्रेम घरी जोडण्यासाठी वेल्डिंग यंत्र निवडताना

वेल्डिंग यंत्र घेताना नजर आधी त्याच्या कमाल अँपिअरवर जाते. सायकलच्या फ्रेमसाठी हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त) पोलादाच्या नळीची जाडी साधारण ०.९ मिलिमीटर असते, बटेड (टोकांना जाड, मध्ये पातळ) नळीच्या मधल्या भागात त्याहूनही कमी, आणि एवढ्या पातळ पत्र्याला ३० ते ४५ अँपिअर पुरतात. त्यामुळे यंत्र २०० अँपिअरपर्यंत जाते का, यापेक्षा ते ५ ते १० अँपिअरवर आर्क, म्हणजे धातू वितळवणारी विजेची ज्योत, स्थिर धरते का, हे तपासावे.

रॉडने करायच्या साध्या आर्क वेल्डिंगचा विचार येथे सोडून द्यावा, कारण ते अशा नळीला भोके पाडते. मिग वेल्डिंग शिकायला सोपे असले, तरी त्यात भरणा करणारी तार सतत पुढे येत राहते आणि उष्णता व भरणा वेगळे सांभाळता येत नाहीत. वरून गुळगुळीत दिसणारा सांधा आत नळीशी एकजीव झालेलाच नसतो, असे होऊ शकते. फ्रेम पकडून ठेवणारी जिग बनवायला मात्र मिग उत्तम. फ्रेमसाठी टिग घ्यावे: त्यात आर्क न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकावर पेटतो, आणि एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात फिलर रॉड (भरण्याची कांडी) व पायाखाली करंट कमी-जास्त करणारे पेडल असते.

म्हणूनच फुट पेडल मला चैनीची वस्तू वाटत नाही. सांधा पूर्ण होत येतो तेव्हा नळी आधीच तापलेली असते, त्यामुळे करंट उतरवत न्यावा लागतो. आर्क एकदम तोडला तर शेवटच्या खळग्यात तडा जाण्याचा धोका राहतो. आर्क हाय फ्रिक्वेन्सीने, म्हणजे टंगस्टनचे टोक नळीला न टेकवता, पेटणारा असावा; लिफ्ट आर्कवरही, म्हणजे टोक टेकवून उचलल्यावर पेटणाऱ्या आर्कवरही, काम भागते.

एसी करंटची सोय केवळ अ‍ॅल्युमिनियमसाठी लागते. ६०६१ मिश्रधातूची फ्रेम जोडल्यावर सांध्यांजवळची ताकद घटते आणि ती परत आणण्यासाठी संपूर्ण फ्रेमवर भट्टीत उष्मोपचार करावे लागतात, जे घरी शक्य नसते. तेव्हा फक्त डीसी देणारे यंत्र घ्यावे आणि वाचलेले पैसे गॅस लेन्स (गॅसचा प्रवाह एकसारखा ठेवणारी जाळी), १.६ मिलिमीटरचे लँथनेटेड (लँथनम मिसळलेले) टंगस्टन व चांगला रेग्युलेटर यांवर खर्च करावेत. सांध्याला हवेपासून वाचवणारा गॅस शुद्ध अ‍ॅर्गॉनच हवा. मिगसाठीच्या कार्बन डायऑक्साइड मिसळलेल्या गॅसने टंगस्टन जळून जाते.

ब्रेझिंग हा जुना आणि आजही भरवशाचा मार्ग आहे. त्यात पोलाद वितळत नाही: चांदीचा मिश्रधातू साधारण ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि पितळ ९०० अंशांच्या सुमारास वितळून लगच्या (नळ्यांची टोके ज्यात बसतात त्या जोडतुकड्याच्या) फटीत ओढले जाते. चुकलेला सांधा पुन्हा तापवून सोडवताही येतो. चांदीचा रॉड कॅडमियमविरहित असावा. ऑक्सिजन-अ‍ॅसिटिलीनच्या, म्हणजे ब्रेझिंगसाठी ज्योत देणाऱ्या, संचाला फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत उलटी आत शिरू न देणारी साधने) अनिवार्य आहेत, आणि हवेशीर, स्वतंत्र जागा नसेल तर हा संच घरात आणूच नये.

हेल्मेट घेताना त्याची काच कमी अँपिअरच्या टिग आर्कवरही आपोआप गडद होते का, ते पाहावे. काही स्वस्त हेल्मेटे नेमकी तेथेच चुकतात. नळ्या अ‍ॅसिटोनने पुसून पूर्ण वाळू द्याव्यात. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर कधीही वापरू नये, कारण आर्कच्या सान्निध्यात त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.