शिफ्ट-डिलीट झालं? सिनेमा कॉपी करू नका!

रात्री अकराला मावसभावाचा फोन. ‘‘दादा, बारशाचा फोल्डर उडाला.’’ सिनेमासाठी जागा करताना त्यानं एक टेराबाइटच्या एक्स्टर्नल डिस्कवरचा भलताच फोल्डर शिफ्ट-डिलीट केला होता, म्हणजे रिसायकल बिनमध्ये न टाकता थेट उडवला होता. मी विचारलं, ‘‘सिनेमा कॉपी केलास?’’ ‘‘अजून नाही.’’ म्हटलं, मग आशा आहे.

सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून शेत नाहीसं होत नाही. डिलीटचंही तसंच. फाइल जागेवरच असते, फक्त ‘ही जागा मोकळी’ अशी नोंद होते. त्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं की मात्र कायमचं गेलं. म्हणून डिस्क ‘इजेक्ट’ करून केबल काढा. ‘बघू तरी’ म्हणून टीव्हीला लावू नका. विंडोजनं ‘फॉरमॅट करायची का?’ विचारलं, तर ‘कॅन्सल’.

साधं डिलीट केलं असेल, तर आधी रिसायकल बिन बघा. एक्स्टर्नल हार्ड डिस्कचा कचरा त्याच डिस्कवर, एका लपलेल्या फोल्डरमध्ये राहतो. त्यामुळे ज्या कॉम्प्युटरवर, ज्या लॉगिननं डिलीट केलं तिथंच डिस्क जोडून बघा. मॅकवरही डिस्क जोडलेली असेल तरच तिच्या फाइली ‘ट्रॅश’मध्ये दिसतात.

तिथं काही नसेल तर विंडोजवर रेकुव्हा हे डिलीट झालेल्या फाइली शोधून काढणारं सॉफ्टवेअर घ्या. लॅपटॉपवर इन्स्टॉल करायचं, त्या डिस्कवर चुकूनही नाही. फाइलीचा प्रकार आणि डिस्कचं अक्षर निवडून आधी साधा स्कॅन करा, मग गरज पडली तर ‘डीप स्कॅन’. यादीत फाइलीपुढे टिकल्या दिसतील : हिरवी म्हणजे सुखरूप, नारिंगी म्हणजे धोक्यात, लाल म्हणजे बहुधा गेलेली. हव्या त्यांवर खूण करून ‘रिकव्हर’ दाबा आणि सेव्ह करायला लॅपटॉपवरची किंवा दुसऱ्या डिस्कवरची जागा द्या. इथंच बरेचजण फसतात. सुटलेल्या फाइली त्याच डिस्कवर उतरवल्या, की एक फाइल वाचवताना दुसरी पुसली जाते.

रेकुव्हा हरलं तर फोटोरेक. हे मोफत आहे, मॅक आणि लिनक्सवरही चालतं. नाव फोटोचं असलं तरी व्हिडिओ, वर्ड, पीडीएफही काढतं. ते नोंदी बघतच नाही. जेपीजी या प्रकारच्या फोटो-फाइलीची सुरुवात कशी असते हे त्याला ठाऊक असतं, तशी सुरुवात ते डिस्कभर शोधत जातं. त्यामुळे मूळ नावं, फोल्डर सगळं जातं. हाती येतात ‘एफ’ अक्षरापुढे लांबलचक आकडे असलेल्या हजारो फाइली. घाबरू नका. एक्सप्लोररमध्ये ‘डेट टेकन’प्रमाणे लावा. कॅमेऱ्यानं तारीख फोटोच्या आतच लिहिलेली असते. मग साइजप्रमाणे लावून चिल्लर फाइली बाजूला काढा.

वेळ लागतो. सेकंदाला शंभर एमबी वाचणारी एक टेराबाइटची डिस्क पूर्ण चाळायला तीनएक तास. जुन्या यूएसबी २ पोर्टवर आठ-नऊ. लॅपटॉप चार्जिंगला लावा, स्लीप बंद ठेवा.

दोन ठिकाणी मात्र हात आखडता घ्या. डिस्क ‘टक-टक’ वाजत असेल, तर स्कॅन लावूच नका. तो यंत्राचा बिघाड आहे, प्रत्येक फेरीत तो वाढतो. डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या, आणि फी आधीच विचारा. दुसरं, ती एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर ट्रिम नावाची सोय डिलीट झालेली जागा आतून रिकामी करून टाकू शकते. मग कुठलंच सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही.

मावसभावाचा स्कॅन पहाटे संपला. फोटो सगळे आले. एक मोठा व्हिडिओ डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत पसरलेला होता, असे तुकडे फोटोरेकला नीट जुळवता येत नाहीत. तो अर्ध्यावरच थांबतो : आत्या बाळाच्या कानात नाव सांगायला वाकते, नेमकी तिथे.