बरेच दिवस उभी असलेली कार्ब्युरेटरची मोटारसायकल सुरू करताना

तीन-चार आठवडे उभी राहिलेली मोटारसायकल किक मारून मारून पाय दुखले तरी सुरू होत नसेल, तर प्लग बदलण्याआधी कार्ब्युरेटरच्या (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) तळाच्या वाटीत साचलेले जुने पेट्रोल काढून टाकावे.

इंजिन थंड असताना पेट्रोल कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) बंद करावा, वाटीच्या खालच्या ड्रेन नळीचे तोंड छोट्या बाटलीत सोडावे आणि ड्रेन स्क्रू दोन-तीन फेरे सैल करून सगळे पेट्रोल वाहू द्यावे. त्यात पाण्याचे थेंब किंवा गाळ दिसला, तर दोष बहुधा तिथेच असतो. स्क्रू पुन्हा बसवून कॉक उघडावा, वाटी भरण्यासाठी मिनिटभर थांबावे, मग चोक (थंड इंजिनासाठी मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी कळ) पूर्ण ओढून, ॲक्सिलरेटरला हात न लावता किक मारावी.

पेट्रोलचा उग्र वास येऊ लागला, तर इंजिनात पेट्रोल जास्त झाले आहे असे समजावे. अशा वेळी चोक बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून पाच-सहा किका माराव्यात. मात्र इंजिन पकडताच मूठ लगेच सोडावी.

हे काम उघड्यावर आणि आगीपासून दूर करावे. ड्रेन स्क्रू जोर लावून आवळू नये, कारण वाटीचे आटे मऊ धातूचे असतात आणि ते एकदा गेले की गळती थांबत नाही.