साखळी सामन्यांचे वेळापत्रक : अडकलेल्या चौथ्या फेरीपासून

सांगलीत गणिताच्या पदव्युत्तर वर्गात असताना सहा कबड्डी संघांचे साखळी सामने लावून देण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. पंधरा सामने, पाच फेऱ्या, दर फेरीत तीन सामने. एवढ्याला गणित कशाला, म्हणून सुचेल तशा जोड्या लिहीत गेले. तीन फेऱ्या जुळल्या, चौथी काही केल्या जुळेना.

कारण नंतर उमगले. नकळत मी १, ३, ५ या संघांचे २, ४, ६ यांच्याशी होणारे नऊही सामने आधीच संपवले होते. उरलेले सामने त्या त्या तिघांच्या आपापसातले होते. तिघांतून एक जोडी लावली की एक जण उरतो, आणि दोन्हीकडचे उरलेले दोघे तर एकमेकांशी खेळून चुकलेले! या विषयाकडे वळणाऱ्याने सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी ही कोंडी वहीवर एकदा स्वतः ओढवून घ्यावी, असे मी आवर्जून सांगेन.

सुटका सोपी आहे. पाच संघांना ० ते ४ क्रमांक देऊन सहावा बाजूला ठेवावा. तिसऱ्या फेरीत, ज्या दोन क्रमांकांच्या बेरजेला ५ ने भागल्यावर बाकी ३ उरते ते परस्परांशी खेळतील : ० व ३, १ व २. चारची दुप्पट आठ, तिचीही बाकी ३; म्हणून ४ सहाव्याशी खेळेल. पाच विषम असल्यामुळे असा एकटा क्रमांक प्रत्येक फेरीत नेमका एकच निघतो, आणि संघ पाचच असतील तर त्यालाच विश्रांती मिळते. सांगलीच्या बुद्धिबळपटूंना परिचित असलेल्या बर्गर तक्त्यामागे, म्हणजे कोणत्या फेरीत कोण कोणाशी खेळणार हे सांगणाऱ्या तयार कोष्टकामागे, हेच चक्र आहे.

खरी गुंतागुंत यजमान मैदानापासून सुरू होते. प्रत्येक संघाला आलटून पालटून घरी आणि बाहेर खेळवता येईल का? असे निर्दोष क्रम दोनच, एक घरून सुरू होणारा व एक बाहेरून. आणि एकच क्रम असलेले दोन संघ परस्परांशी कधीच खेळू शकत नाहीत, कारण दर फेरीत दोघेही घरी तरी असतात किंवा दोघेही बाहेर; म्हणजे प्रत्येक निर्दोष क्रम एकाच संघाला देता येतो. म्हणून सहांपैकी किमान चार संघांचा क्रम कुठेतरी मोडतोच.

त्यात मैदानांच्या तारखा आल्या की पूर्णांकी रेषीय नियोजन, म्हणजे सगळ्या अटी रेषीय समीकरणांत व असमानतांत मांडून पूर्ण संख्यांतले सर्वोत्तम उत्तर शोधण्याची पद्धत, शिकावे लागते. सगळ्या मांडण्या तपासून पाहू म्हणणाऱ्याने बारा संघांचा आकडा ध्यानात ठेवावा : संघांची नावे व फेऱ्यांचा क्रम यांतला फरक सोडला तरी ५२,६९,१५,६२०.