रग्बी फॉरवर्डांचा पासिंग सराव: आधी डिफेंडर ठरवा

शिट्टी, पाणी, माउथगार्ड हे सांगायला नको. बॉल पाच नंबरचे, सहा तरी हवेत, नाहीतर प्रत्येक सुटलेल्या पासनंतर सगळा सराव थांबतो. प्लॅस्टिकचे शंकू (कोन) लावून 20 मीटर रुंद, 15 मीटर लांब पट्टा आखा. जास्त रुंद आखलात तर गडी नुसते मोकळ्या जागेत पळतात, पास देतच नाहीत.

आता डिफेंडर. गेल्या वेळी नेमके हेच राहिले. समोर कोणी नसेल तर पास सुरेख जातात आणि शिकत कोणीच काही नाही. पॉड (एकत्र खेळणारा फॉरवर्डांचा गट) तिघांचा (1-3-3-1 मांडणीतला, म्हणजे आठ फॉरवर्ड मैदानाच्या रुंदीत एक, तीन, तीन, एक असे वाटलेले), म्हणून समोरही तिघे, अंगात बिब (वरून घालायचे रंगीत बनियन), हातात शिल्ड (धडक झेलायची गादी). नावे आदल्या दिवशीच ठरवा. ऐन वेळी 'चला, कोण उभं राहतंय?' विचारलेत की दमलेले दोघे पुढे येतात आणि खांबासारखे उभे राहतात. खांब नकोत. डिफेंडरांना आधी बाजूला घेऊन खुणा शिकवा, तुम्ही पॉडच्या मागे उभे राहून बोटे दाखवायची. एक बोट: बाहेरचा डिफेंडर आत, बॉलवाल्यावर येतो, म्हणजे शेजाऱ्याला छोटा पास. दोन बोटे: तिघेही पॉडवर तुटून पडतात, म्हणजे बॉल मागे फ्लायहाफकडे (पॉडमागे उभा राहून खेळ चालवणारा गडी). तीन: तिघे बाहेर सरकतात, म्हणजे बॉल घेऊन सरळ आत घुसा. बॉल स्क्रमहाफच्या (पॉडला बॉल देणाऱ्या गड्याच्या) हातातून सुटला की मगच खूण. आधी दाखवलीत तर डिफेंडरचे पायच चुगली करतात.

छोटा पास दोन-तीन मीटरचा, मनगटाने, फिरकी न देता. बॉल दोन्ही हातांत, छातीसमोर. काखेत गेला की समोरच्याला कळले, आता पास नाही. कंबर गोलरेषेकडेच ठेवा. ती वळली की डिफेंडर तुम्हाला सोडून पुढच्याकडे सरकतो. घेणारा हात वर करून, मागून धावत येतो. बरोबरीने उभा असेल तर फॉरवर्ड पास (पुढे गेलेला, नियमबाह्य) ठरलाच समजा. मागच्या पासला फ्लायहाफ चार-पाच मीटर मागे हवा, आणि हाक बॉल पॉडपर्यंत पोचायच्या आत. पुढून धावलेल्या शेजाऱ्याने डिफेंडरला अडवायचे नाही, पेनल्टी जाते.

चौथ्या-पाचव्या फेरीला डिफेंडर कंटाळतात, खूण न बघता सवयीने पुढे येतात. तेव्हा बिब बदला. डिफेंडर बदला, पॉड नव्हे.

रकसाठी (टॅकलनंतर जमिनीवरच्या बॉलवरची झुंज) पॉडमधले उरलेले दोघे लगेच बॉलवाल्याच्या मागे. ओला बॉल एखादी फेरी. पाळी तीन मिनिटांची, मग अदलाबदल. शिल्ड मोजून पिशवीत.