कुरणात चारा किती, हे सेन्सरने कसं मोजावं

सेन्सर गवताची उंची सांगतो, वजन नाही. उंचीवरून वजन काढायचं तर एकदा विळा हातात घ्यावाच लागतो.

अल्ट्रासॉनिक सेन्सर (एचसी-एसआर04) ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून अंतर मोजतो. तो थेट गवतावर रोखू नका. विरळ पात्यांतून ध्वनी आरपार जातो आणि आकडे नाचतात. त्याऐवजी 6 मिमी प्लायवूडची 50 × 50 सेंमी पाटी घ्या (वजन साधारण 1 किलो), मधोमध भोक पाडून पीव्हीसी पाइपावर सैल सरकती ठेवा. सेन्सर जमिनीपासून 80 सेंमीवर, पाइपापासून 10 सेंमी बाजूला, पाटीकडे तोंड करून बसवा. ईएसपी32 (वाचनं घेणारा छोटा बोर्ड) वापरत असाल तर सेन्सरच्या एको पिनला 1 आणि 2 किलोओहमच्या दोन रोधकांचा व्होल्टेज-विभाजक लावा, कारण तिथे 5 व्होल्ट येतात आणि बोर्ड 3.3 चा आहे.

सपाट फरशीवर पाटी टेकवून शून्य नोंदवा. उंची म्हणजे शून्य वजा वाचन. ध्वनीचा वेग 20 अंशांना सेकंदाला 343 मीटर, 35 ला 352, म्हणून ऊन चढेल तसं शून्य पुन्हा घ्या. ओल्या काळ्या जमिनीत पाइप रुततो आणि गवत आहे त्याहून उंच दिसतं. खाली रुंद टोपण हवंच.

आता कापणी. खुरटं, मध्यम, दाट अशा किमान 20 जागी उंची घ्या, पाटीखालचंच गवत 3 सेंमीवर कापा, 65 अंशांना 48 तास वाळवा. ग्रॅमला 40 ने गुणलं की हेक्टरी किलो. एक्सेलमध्ये उंची-वजनाची सरळ रेषा काढा. कुसळी गवत फुलोऱ्यावर आलं की ताठ काड्या पाटी उचलून धरतात आणि पाला असतो थोडाच, म्हणून तेव्हा नवी रेषा काढा. पावसाळ्यातली चालणार नाही.

मोजताना दर दहा पावलांवर, पाय पडेल तिथे पाटी सोडा. हेक्टरी 50 तरी वाचनं हवीत. चांगली जागा शोधू नका, इथेच बहुतेक अंदाज फुगतात. दव सुकल्यावरच सुरुवात करा.

समजा एका हेक्टरच्या कुरणात रेषेवरून सरासरी 1,600 किलो आली. निम्मं कुरणाला राखा. 30 किलोची मेंढी रोज अंदाजे 1 किलो सुका चारा खाते, म्हणजे 50 मेंढ्यांना 800 किलो 16 दिवस. तुडवणीत जातं ते धरून 12 व्या दिवशीच पुन्हा मोजा.

सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, पण श्रावणात ढग आडवे येतात आणि दिवाळीनंतरचं वाळलेलं उभं गवत हिरवाईच्या निर्देशांकात दिसतच नाही.