वजनदार स्नोबोर्डरने हार्ड बूट कसे निवडावेत: कार्व्हिंगसाठीही, मोगुलसाठीही

नव्वद-शंभर किलोंच्या माणसाने हार्ड बूट (कडक प्लास्टिकच्या कवचाचे स्नोबोर्डचे बूट) घ्यायचे म्हटलं की बहुतेक जण एकच सल्ला देतात: मिळेल तो सगळ्यात कडक बूट घ्या. दिवसभर सकाळच्या सपाट, ग्रूम केलेल्या (यंत्राने गुळगुळीत केलेल्या) उतारावरच कार्व्हिंग, म्हणजे बोर्डच्या कडेवर वळणं, घेत राहणार असाल तर हा सल्ला चालून जातो. पण दुपारी कोलोरॅडोतल्या विंटर पार्कच्या मेरी जेनसारख्या ठिकाणी मोगुलांत, म्हणजे उतारावरच्या बर्फाच्या उंचवट्यांत, शिरायचं असेल, तर तोच बूट गुडघ्यांची वाट लावतो. दोन्ही करणाऱ्या जड माणसाला हवं ते थोडं वेगळं आहे: भक्कम शेल (बाहेरचं कवच), आणि मागच्या बाजूला दणकट स्प्रिंगवर हलणारी कॉलर (नडगी-पोटरीला धरणारा वरचा भाग).

आधी भाराचा अंदाज घेऊ. ताशी साधारण 43 किमी वेगाने 15 मीटर त्रिज्येचं वळण घेताना बाहेर ढकलणारं बल जवळजवळ तुमच्या वजनाइतकंच होतं. ते आणि गुरुत्वाकर्षण मिळून 100 किलोंचा माणूस बोर्डवर 140 किलोंसारखा दाबतो. एवढ्या भाराखाली पातळ शेल घोट्याजवळ फुगतं, आणि तुम्ही दिलेला कल बोर्डच्या कडेपर्यंत पोचायच्या आधीच बुटात जिरून जातो.

घरीच मापं घ्या

हे बूट अमेरिकेत-युरोपातही प्रत्येक स्की दुकानात नसतात. भारतात तर गुलमर्ग-औलीला भाड्याने मिळणारे बूट सहसा सॉफ्टच. म्हणजे बहुधा ऑनलाइन मागवावे लागणार, आणि म्हणूनच मापात हयगय नको.

संध्याकाळी, दोन्ही पायांवर पूर्ण वजन टाकून उभं राहा आणि टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा. बसून घेतलेलं माप जड माणसाला हमखास फसवतं, कारण उभं राहिलं की तळव्याची कमान दबते आणि पाऊल लांबतं. बुटांचं मोंडो माप म्हणजे हीच लांबी सेंटिमीटरमध्ये. पाऊल 285 मिलिमीटर असेल तर माप 28.5. चवड्याची रुंदी आणि पोटरीचा घेरही लिहून ठेवा.

एक चाचणी घोट्याची. भिंतीकडे तोंड करून पायाचा अंगठा भिंतीपासून 10 सेंटिमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून बघा. टेकत नसेल तर घोटा पुढे कमी वाकतो, आणि टाचेखाली उंची द्यावी लागणार हे धरून चला.

शेल फिट: इथे घाई नको

बूट आला की आधी लायनर, म्हणजे आतला मऊ बूट, काढा. नुसत्या शेलमध्ये पाय घालून बोटं पुढे अलगद टेकवा, गुडघा थोडा वाकवा, आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. 15 ते 20 मिलिमीटर उरली तर दिवसभर घालता येईल असा बूट; 10 ते 15 म्हणजे घट्ट, रेसिंगच्या वळणाचा. मोगुल खेळणाऱ्याने 15च्या आसपास राहावं, असं माझं मत. बोट आत घालून अंदाज घेण्यापेक्षा 15 मिलिमीटर जाडीची लाकडी काठी घ्या. ती टाचेमागे किंचित घासत उतरली पाहिजे.

जागा 25च्या पुढे गेली तर बूट परत पाठवा. 'बकल आवळून जमवू' हा जड लोकांचा ठरलेला घोटाळा आहे. वरून आवळलं की पायाच्या वरच्या भागातलं रक्त अडतं, बोटं बधिर होतात, आणि टाच उचलली जायची ती जातेच.

कडकपणा कुठे हवा, कुठे नको

हार्ड बुटाच्या मागे एक लिव्हर असते. ती पुढचा कल ठरवते आणि एका खाचेत कॉलर पक्की करते. कुलूप लागल्यावर कॉलर हलत नाही, जे काही वाकतं ते प्लास्टिकच. ग्रूम केलेल्या उतारावर हे छान वाटतं. मोगुलात मात्र प्रत्येक उंचवट्याचा दणका नडगीवर, तिथून गुडघ्यात आणि कमरेत.

यावर उपाय म्हणजे स्प्रिंगची यंत्रणा. कोलोरॅडोच्या बॉम्बर कंपनीने राइखले आणि डीलक्स या कंपन्यांच्या बुटांसाठी बीटीएस नावाची अशी जोडणी आणली होती. तिच्यात एक स्प्रिंग पुढे झुकताना विरोध करते, दुसरी मागे रेलताना. कॉलर हलते, पण विरोध वाढत जातो. इथे वजनाचा थेट संबंध येतो. स्प्रिंग मऊ असेल तर ओव्हरलोड रिक्षाच्या शॉकअपसारखी ती तळाला बसते आणि पुढचा दणका सरळ हाडांत जातो. म्हणून जड माणसाने मिळते त्यातली कडक स्प्रिंग घ्यावी, पण लिव्हर कुलूपबंद करून फिरू नये.

डीलक्सच्या ट्रॅक मालिकेत आकडा वाढतो तसा बूट कडक होतो: 225, 325, 425, आणि 700 रेससाठी. शंभर किलोंच्या, दोन्ही करणाऱ्या माणसाने 425पासून सुरुवात करावी. 700 मोगुलासाठी मी सुचवणार नाही. यूपीझेड कंपनीच्या बुटांत पुढची जीभ बदलता येते, कमी-जास्त कडक जिभा मिळतात. एकच बूट दोन कामांना वापरणाऱ्याला ही सोय मोठी.

दुकानात किंवा घरी वाकवून बघताना तापमान विसरू नका. 20 अंशांत जरा मऊ वाटणारं प्लास्टिक उणे 10ला चांगलंच कडक होतं. घरातच दगडासारखा वाटला तर डोंगरावर तो वाकणारच नाही.

स्कीचे बूट चालतील का, हे हमखास विचारलं जातं. बाइंडिंगमध्ये (बूट बोर्डला धरून ठेवणाऱ्या पकडीत) बसतात, पण ते बाजूला जवळजवळ वाकत नाहीत आणि त्यांचा सोल लांब असतो. मोगुलासाठी नकोच.

पोटरी आणि लायनर

भरदार पोटरी कॉलरमध्ये मावत नसेल तर वरचं बकल बाहेरच्या भोकात सरकवा. तरी चावत असेल तर बुटात टाचेखाली पाचर घाला. पोटरीचा फुगीर भाग वर सरकतो आणि कॉलर तिच्याखालच्या बारीक भागाला धरते. घोटा कमी वाकणाऱ्यालाही हीच पाचर उपयोगी. लायनर उष्णतेने पायाचा आकार घेणारा असावा, आणि कमान दबणाऱ्याने इनसोल आधी बनवून मगच लायनर तापवून घ्यावा. उलट क्रमाने केलं तर लायनर चुकीच्या पावलावर बसतो.

सोलची लांबी बघा

जड माणसाचं पाऊल बहुधा मोठं. मोगुलात बरेच जण बाइंडिंगचे कोन 60 अंशांवरून 50च्या आसपास आणतात, म्हणजे पाऊल बोर्डवर जास्त आडवं होतं, आणि मग लांब सोलचा बूट बोर्डच्या कडेबाहेर येऊन बर्फात घासतो. एकाच मोंडो मापात दोन कंपन्यांच्या सोलची लांबी वेगळी असते. यूपीझेडचे सोल आखूड म्हणून ओळखले जातात. मागवायच्या आधी विक्रेत्याला मिलिमीटरमध्ये विचारा.

जुने बूट घेताना

स्वस्त मिळतात, मोह होतो. पण पॉलियुरेथेन दमटपणाने वर्षानुवर्षं आतून कुजत जातं, बाहेरून चकचकीत दिसलं तरी. बकलच्या रिव्हेटभोवती, घोट्याच्या सांध्याशी आणि सोलच्या पुढच्या-मागच्या ओठांवर बॅटरी धरून बारीक तडे शोधा. राइखलेचं नाव असलेली जोडी म्हणजे बरीच जुनी. शंभर किलोंच्या माणसाने ती टाळावी.

बूट ठरले की बाइंडिंगच्या पुढच्या-मागच्या पकडी नव्या सोलच्या लांबीला पुन्हा लावाव्या लागतात. पुढच्या पायाला बोटांखाली, मागच्या पायाला टाचेखाली थोडी उंची देऊन सुरुवात करा, आणि मागच्या बुटाचा कल पुढच्यापेक्षा एक खाच जास्त ठेवा. जास्त वजनाखाली स्क्रू लवकर ढिले होतात, तेव्हा पहिल्या दोन फेऱ्यांनंतर खाली थांबून ते तपासा. ॲलन की (षटकोनी चावी) खिशात राहू द्या.